हे आपण ऑफलाइन घेऊ

शुक्रवार, ११ मे २००७. बिबवेवाडी.

उद्या निघायचं. हर्णैजवळ, समुद्राकाठी, हॉलिडे अपार्टमेंट, आठवडाभर. हॉटेल मुद्दामच टाळलं. हॉटेलात माणूस गिऱ्हाईक असतो, अपार्टमेंटमध्ये मालक असतो. हे वाक्य मला सकाळी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये सुचलं. शेजारच्याला ऐकवलं. तो झोपला होता, पण वाक्य चांगलं आहे.

सगळं प्लॅनिंग माझं. इंटरनेटवर शोधलं, फोटो पाहिले, सी-फेसिंग असं स्वच्छ लिहिलंय. परवा सुनीतीला दाखवलं. वाटलं, बायको नेहमीप्रमाणे फाटे फोडणार. पण गावाचं नाव वाचून ती एकदम गप्प झाली आणि मग लगेच हो म्हणाली. सोळा वर्षांच्या संसारात पहिल्या झटक्यात अप्रूव्हल! याला लीडरशिप म्हणतात.

सासूबाई पण येणार. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. त्यांच्या बॅगेत कुकर आणि पोळपाट दिसला. आठवड्यासाठी पोळपाट! मी म्हणालो, आई, तिथे फुल्ली फर्निश्ड आहे. म्हणाल्या, असू दे हो, आपल्याला कुठे उचलायचंय, गाडी उचलणार आहे.

संध्याकाळी सुनीती म्हणाली, अहो, माझ्या प्रमोशनचं बोलायचंय, पोस्टिंग आलंय, एकवीस तारखेपर्यंत हजर व्हायचं नाहीतर नकार कळवायचा. मी शांतपणे म्हणालो, हे आपण ऑफलाइन घेऊ. मीटिंगमध्ये कुणी भलताच विषय काढला की मी हेच म्हणतो, म्हणजे नंतर वेगळं बोलू. विषय तिथल्या तिथे गार पडतो.

त्यात बोलण्यासारखं आहे काय? बँकेत प्रमोशन म्हणजे बदली. याआधी दोनदा आलं, दोनदा तिने सोडलं, कारण मी कुठल्याही क्षणी ऑनसाइट, अमेरिकेत क्लायंटकडे, ह्यूस्टनला जाणार होतो. अजूनही जाणार आहे. या क्वार्टरला नक्की. जाड जॅकेट केव्हाच घेऊन ठेवलंय. ह्यूस्टनला उकडतं असं सासूबाई कुठेतरी वाचून सांगतात. त्यांना काय माहीत.

संकल्प: सुट्टीत रोज पळणे. पोहायला शिकणे. कुटुंबाला क्वालिटी टाइम देणे. ऑफिसचा फोन आला तरच ऑफिस.

शनिवार, १२ मे.

पोचलो. गाडी सुनीतीने चालवली (गाडी तिच्या बँकेच्या लोनची, त्यामुळे तिला ती स्वतःची वाटते). मी नॅव्हिगेशन बघितलं. प्रिंटआउट काढून आणले होते. वरंध घाटात नमूने, म्हणजे आमच्या कन्येने, ते घेऊन त्यात उलटी केली. कागद वाचवता आले नाहीत. तरी सुनीती बरोबर पोचली, नशीबच.

अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर. समुद्र दिसेना. केअरटेकर दिगंबरला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, साहेब, बिल्डिंग सी-फेसिंग हाय, तुमचा फ्लॅट मागल्या अंगाला हाय. मागल्या अंगाला नारळाची वाडी आणि कुणाच्या तरी म्हशी.

मी बारकाईने पाहणी केली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून खिडकीतून डावीकडे मान काढली की समुद्र दिसतो. अगदी छान दिसतो. सगळ्यांना चढायला सांगितलं. कुणी चढलं नाही. सासूबाई म्हणाल्या, उत्तरेश्वरराव, तुम्ही बघा आणि आम्हाला सांगा कसा आहे ते.

रविवार, १३ मे. सकाळी ७.

पळणे उद्यापासून. आज स्टँड-अप सुरू केला.

कंपनीत गेल्या महिन्यात एका कन्सल्टंटने हे शिकवलं. रोज सकाळी टीमने उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उभं अशासाठी, की बसलं की माणूस वाहवत जातो. घरात नेमकं हेच होतं. म्हणून सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं.

सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांची आणि तुमच्या कन्सल्टंटची ओळख नाही. मी बसलेलीच उभी आहे असं धरून चला. काल काय केलं? प्रवास सोसला. आज? बघू. अडचण? ती घरचीच आहे, काय सांगायची.

नमू (वय चौदा, नववीत जाणार, तोंड आत्ताच बारावीत): काल उलटी, आज समुद्र, अडचण बाबा. लिहून घेतलं नाही.

सुनीती म्हणाली, काल गाडी चालवली, आज मला त्या पोस्टिंगचं बोलायचंय. मी म्हणालो, हे स्टँड-अपचं मटेरियल नाही, ऑफलाइन घेऊ. तिने विचारलं, ऑफलाइन म्हणजे नक्की कधी? मी म्हणालो, योग्य वेळी. ती हसली. वातावरण खेळीमेळीचं होतं.

सोमवार, १४ मे.

पळालो नाही. रेंजचा प्रॉब्लेम. माझ्या मोबाइलला फ्लॅटमध्ये शून्य रेंज. ऑफिसवाले वेड्यासारखे फोन लावत असणार. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक काडी मिळाली. खुर्ची वर नेली. दिवसभर तिथे होतो, जेवायलाही तिथेच. एकही फोन नाही. याचा अर्थ टीमला मी किती उत्तम तयार केलंय.

वरून पाहिलं तर खाली सुनीती दिगंबरशी बोलत होती. बराच वेळ. पावसाळ्यात लाइट किती जातात, विहिरीला पाणी किती, गॅस सिलिंडर कुठून येतो. तो म्हणत होता, वहिनी, पावसात हितं माणूस फिरकत नाय, फ्लॅट नुसते बंद, बुरशी धरते. मला बरं वाटलं. माझ्यामुळे तिला रिक्वायरमेंट गोळा करायची सवय लागलीय.

दुपारी तिघी बाजारात जाऊन आल्या आणि नमूने बातमी आणली. आईचं पोस्टिंग म्हणे इथेच आहे, हर्णैत, ब्रँच मॅनेजर म्हणून, आणि आत्ता त्या ती ब्रँच बघूनही आल्या. केबिनच्या खिडकीतून होड्या दिसतात.

काय हा योगायोग! मी म्हणालो, चांगलं केलं. जे सोडायचं ते एकदा डोळ्यांनी बघून घेतलं की मन शांत होतं. यावर सासूबाई म्हणाल्या, सोडायचं हे तिने ठरवलंय का, की तुम्ही? मी म्हणालो, आमच्यात तुझं-माझं नसतं. त्या म्हणाल्या, हो, नुसतं तुमचंच असतं.

बोलणं तिखट, पण मनाने चांगल्या आहेत.

मंगळवार, १५ मे.

पळालो! शहाळेवाल्यापर्यंत. तिथे एक शहाळं घेतलं, मग परत पळणं शरीराला बरं नाही म्हणून चालत आलो.

मग क्वालिटी टाइम. सगळ्यांबरोबर बीचवर गेलो. वाळूत आडवं झालं की रेंजची काडी येते असा शोध लागला. कानाला मोबाइल लावून एका कुशीवर पडलो, म्हणजे वाजला तर लगेच कळेल. डोळा लागला.

उठलो तेव्हा ऊन डोक्यावर आणि किनाऱ्यावर मी एकटा. उजवा गाल भाजलाय, पण मोबाइल होता तेवढा चौकोन पांढराच आहे. नमू म्हणते रिंगटोनसुद्धा छापून आलीय. मला न उठवता गेल्याबद्दल मी नाराजी व्यक्त केली. सुनीती म्हणाली, दोनदा हाक मारली, तुम्ही झोपेतच म्हणालात, ऑफलाइन घेऊ.

अशक्य. झोपेत मी बोलत नाही.

बुधवार, १६ मे.

पोहणे रद्द (गाल).

आला! ऑफिसचा फोन आला! दुपारी टाकीमागे होतो, माझ्या टीममधल्या सौरभचा. म्हणालो, बोल, काय अडलं? तो म्हणाला, सर, तुमची खुर्ची घेऊ का? माझी पाठ दुखतेय आणि तुमच्या खुर्चीला मागे सपोर्ट आहे. मी म्हणालो, घे, पण प्रॉडक्शन कसं आहे, क्लायंट काय म्हणतोय? तो म्हणाला, सगळं मस्त चाललंय सर, तुम्ही एन्जॉय करा, अजून राहा हवं तर.

खाली येऊन जाहीर केलं की ऑफिसमधून महत्त्वाच्या रिसोर्सबद्दल फोन होता. नमूने विचारलं, कसला रिसोर्स? सांगितलं नाही. कॉन्फिडेन्शियल.

गुरुवार, १७ मे.

संध्याकाळी सुनीती म्हणाली, चला, दोघंच फिरायला जाऊ. रोमँटिक! मी मनात म्हटलं, सी-फेसिंगचा परिणाम दिसायला लागला.

बराच वेळ चाललो. मी तिला ह्यूस्टनबद्दल सांगितलं. तिथे आपलं घर कसं असेल, नमूची शाळा, तुला काही कामच नको, आराम. ती म्हणाली, अहो, ह्यूस्टन राहू द्या थोडा वेळ. दोन हजार एकमध्ये मी नागपूर सोडलं. चारमध्ये सातारा सोडलं. तेव्हाही तुम्ही पुढच्या महिन्यातच निघणार होतात. माझ्याबरोबरचे आज कुठल्या कुठे गेलेत. मला ही ब्रँच हवीय. मी तुम्हाला एकच विचारते, तुम्ही आमच्याबरोबर राहाल का? नाही जमणार तर तसं सांगा, पण सांगा.

मी म्हणालो, अगं, हे काय विचारणं झालं, तुम्ही सगळे माझ्याबरोबरच येणार आहात. ती म्हणाली, मी उलटं विचारलं होतं.

तेवढ्यात मोबाइल टुंग वाजला. खडकाजवळ दोन काड्या होत्या. मी म्हणालो, एक मिनिट, आणि खडकावर चढलो. रिंगटोन डाउनलोडची जाहिरात होती. चढलोच आहे तर मेसेज येतात का बघावं म्हणून जरा थांबलो. खाली आलो तर ती नव्हती. लांबवर पाठमोरी दिसली. हाक मारली, पण वारा फार होता.

घरी आलो तेव्हा ती आणि सासूबाई स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी गेल्यावर गप्प झाल्या. सुनीतीचे डोळे लाल होते. वाळू गेली असणार. मी तिला गुलाबपाणी आहे का विचारलं. तिने मान हलवली आणि मला गरम पोळी वाढली.

शुक्रवार, १८ मे.

वाईट दिवस. पण मी पॉझिटिव्ह आहे.

सकाळी टाकीमागे सौरभचा एसएमएस. सर, ह्यूस्टनसाठी माझं नाव फायनल झालं, तुमचे आशीर्वाद असू द्या.

पुन्हा पुन्हा वाचला. त्याला काम शिकवलं मी. टायची गाठ मारायला शिकवली मी. खुर्ची दिली मी. राग आला, भयंकर राग आला, टाकीला लाथ मारली, अंगठा सुजला. मग विचार केला. कंपनी हाताखालच्याला बाहेर पाठवते आणि खरा माणूस हेडक्वार्टरला ठेवते. यातच सगळं आलं.

लंगडत खाली आलो. कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं, म्हणजे सुनीतीला. ती घरात नव्हती. सासूबाई म्हणाल्या, शाळेच्या ऑफिसात गेलीय नमूला घेऊन. मी म्हणालो, सुट्टीत कसली शाळा? त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, पाय कशाने सुजला? हळद लावा. आणि त्यांनी स्वतः लावून दिली. या बाईने मला इतक्या वर्षांत कधी हळद लावली नव्हती.

दुपारी नमू निळा स्कर्ट आणि पांढरा शर्ट घालून हॉलमध्ये गोल फिरली. मी म्हणालो, सुट्टीची आठवण म्हणून घेतला का? ती आईकडे बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, आठवणच म्हणा, शिलाई बघता दोन वर्षं पुरेल.

मला काही कळत नाही असं नाही. पण सुनीती माझ्याशी बोलल्याशिवाय काही ठरवणार नाही. आजवर कधीच ठरवलेलं नाही. उद्या सकाळी शेवटचा स्टँड-अप, त्यात तिला पूर्ण वेळ देणार. आता ह्यूस्टनही नाही, म्हणजे मी ऐकायला अगदी मोकळा आहे. पोस्टिंगचे फायदे-तोटे काढू, मग मी समजावून सांगेन आणि परत जाऊ.

शनिवार, १९ मे. दापोली एसटी स्टँड. दुपार.

सकाळी साडेसहालाच माझी बॅग भरली. इतरांच्या भरलेल्या दिसल्या नाहीत. सासूबाईंचा पोळपाट ओट्यावर, वर पीठ. मी म्हणालो, अहो, चेकआउट आहे, आटपा. मग स्टँड-अपला बोलावलं. आज सगळ्या लगेच आल्या. सासूबाई तर उभ्या राहिल्या, भिंतीला धरून.

मी म्हणालो, आज ओपन हाउस आहे, सुनीती, तू बोल.

ती म्हणाली, काल नमूची अ‍ॅडमिशन घेतली. काल दिगंबरच्या मालकांशी बोलून हा फ्लॅट वर्षभरासाठी घेतला. आज घर लावणार. सोमवारी ब्रँचला हजर होणार. अडचण काही नाही.

मग म्हणाली, होती. आता नाही.

इतकं मुद्देसूद आमच्या टीममध्येही कुणी बोलत नाही.

मी म्हणालो, मला विचारलं नाहीस. ती म्हणाली, आठ दिवस विचारतेय. त्याआधी सोळा वर्षं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. नमू रडत होती, सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. मी म्हणालो, ह्यूस्टन रद्द झालं. सुनीती म्हणाली, माहितेय, काल तुमचा सुजलेला अंगठा बघूनच ओळखलं. मग तिने पुन्हा विचारलं, आणि हात धरून विचारलं, अहो, अजूनही विचारतेय, राहाल का आमच्याबरोबर? नोकरीचं बघू काहीतरी. दापोलीत कॉलेज आहे, कॉम्प्युटर शिकवणारं कुणी नाही तिथे.

आणि मी, माझ्या तोंडाने, म्हणालो, हे आपण ऑफलाइन घेऊ.

मला तसं म्हणायचं नव्हतं. मला हो म्हणायचं होतं, किंवा थांब म्हणायचं होतं, निदान रडायचं तरी होतं. तोंडाला तेवढंच येतं आता. सुनीतीने हात सोडला. बरं, म्हणाली.

गाडी तिला लागणार, ब्रँच लांब आहे. तिने मला दापोलीला सोडलं. डबा दिलाय. पोळ्या आणि बटाट्याची भाजी, लोणचं वेगळ्या पुडीत, म्हणजे पोळी ओली होणार नाही. पुण्याची गाडी लागली. आता बसतो.

रविवार, २० मे. बिबवेवाडी.

स्वारगेटला रिक्षावाल्याने विचारलं, सुट्टीवरून का काका, मजा आली का? हो म्हणालो.

परिस्थिती अजिबात हाताबाहेर नाही. पाऊस सुरू झाला, लाइट गेले, म्हशी ओरडायला लागल्या की येतील परत. फार तर पंधरवडा. तोवर मी फिट होऊन दाखवणार. रोज पळणार. स्वयंपाक शिकणार. कमी बोलणार, जास्त ऐकणार. हॉलमध्ये बसून ऐकण्याची प्रॅक्टिस केली. फ्रिजचा आवाज येतो.

शनिवार, २ जून.

कुकर नाहीये. भात पातेल्यात केला. खाली लागला, वर कच्चा. मधला खाल्ला.

ऑफिसमध्ये खुर्ची परत मिळाली नाही. सौरभ गेला, पण ती आता दुसऱ्या कुणाकडे आहे.

सुनीतीचा फोन आला. तिला रोज संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचे लोक भेटायला येतात म्हणे, मॅडम मॅडम करतात. आवाज वेगळाच वाटला. मग लक्षात आलं, खुशीत आहे. नमू पोहायला शिकतेय. मी म्हणालो, छान. बोलायचं बरंच होतं. ती हॅलो हॅलो म्हणाली, मी इथेच होतो, मग तिने ठेवला.

घर खायला उठतं.

शनिवार, १६ जून.

निर्णय घेतला! हो म्हणायचं. सगळं सोडून जायचं, कॉलेजात शिकवायचं. सुनीतीला फोन केला, म्हणालो, येतो पुढच्या शनिवारी, बोलायचंय. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी नको हो, ब्रँचचं इन्स्पेक्शन आहे, शिवाय आईची बहीण आलीय, जागा नाही. पुढच्या महिन्यात बघू. मी म्हणालो, महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, हो का? बरं, बघू सावकाश. तुटक नाही बोलली. प्रेमानेच बोलली. घाईत होती.

पण मी खचणारा माणूस नाही. तिथे जवळपास असलो म्हणजे पुरे, वेळ मिळाला की ती भेटेलच. त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर फ्लॅट रिकामे आहेत. लगेच दिगंबरला फोन लावला. आवाज ओळखला नाही त्याने. म्हणालो, पुण्याहून बोलतोय, शनिवार-रविवारसाठी अपार्टमेंट हवंय. तो म्हणाला, भेटेल ना साहेब, पावसात सगळं रिकामंच हाय, आख्खी फॅमिली मस्त मजेत राहील.

किती माणसं, त्याने विचारलं.

एक, म्हणालो.